जुन्या रिसीव्हरची खरखर: स्प्रे, मेकॅनिक की सगळे कंडेन्सर नवे?

मामांनी आखातातून आणलेला सत्तरच्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात) ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याकडे अजून वाजतो. पावसाळ्यात तो गाण्यासोबत स्वतःचंही काहीबाही वाजवायला लागला, तेव्हा तीन सल्ले मिळाले: स्प्रे मार, मेकॅनिकला दाखव, सगळे कंडेन्सर (आतले वीज साठवणारे भाग) बदलून टाक.

निवड आवाजावरून करा, सल्ल्यावरून नको. व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला, तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात. तसाच राहिला, तर पुढच्या भागात, नाहीतर पॉवर सप्लायमध्ये. मग सिलेक्टर, म्हणजे रेडिओ, टेप की रेकॉर्ड हे निवडायचं बटण, फिरवा. फक्त फोनोवरच (रेकॉर्ड लावल्यावर) घूं येत असेल, तर टर्नटेबलची अर्थची वायर मागच्या स्क्रूला आहे ना, ते बघा. आमच्याकडे ती झाडलोट करताना सुटली होती आणि मी दोन रविवार नको तिथे शोधत बसलो.

बटण फिरवतानाच खरखर होते? मग स्प्रेच, दुसरं काही नको. खाडीकाठच्या दमट हवेत पॉट (व्हॉल्यूमसारख्या बटणांमागचे फिरते भाग) आणि स्विच मळतात. एक चॅनेल अधूनमधून गायब होत असेल, तर टेप मॉनिटरचा (टेप डेकचा आवाज ऐकायचा) स्विचही साफ करा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पॉटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. बिजागरीला मारतो तो डब्ल्यूडी-४० नको. पॉटच्या आत फवारा, बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पूर्ण वाळू द्या. प्लग काढलेला हवाच, पण मोठे कंडेन्सर त्यानंतरही चार्ज धरून असतात, तिथे बोट नको.

हात न लावताही तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, तेव्हा बहुधा आतला एखादा छोटा ट्रान्झिस्टर (आवाज मोठा करणारा भाग) थकलेला असतो. त्या काळचा २एससी४५८ हा जपानी ट्रान्झिस्टर यासाठी बदनामच आहे. आवाज बारीक असताना एक बाजू दबते आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येते, तर स्पीकरच्या रिलेवर (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचवर) संशय घ्या. ही कामं मेकॅनिकची. फक्त ‘हाताशी आहे तो लावतो’ म्हणणाऱ्याकडे ठेवू नका: आजचा सर्रास मिळणारा बीसी५४७ आणि जपानी ट्रान्झिस्टर यांच्या पायांचा क्रम सहसा वेगळा असतो. मला ठाण्यात मनासारखा माणूस मिळाला नाही, म्हणून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी लॅमिंग्टन रोड गाठला. रिसीव्हर कुशीत घेऊन दादरचा पूल चढलात की दुरुस्तीचा खर्च कमीच वाटतो.

राहिले कंडेन्सर. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरांतून सारखी जाड घूं येते, तेव्हा पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर बदला. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) तिची लहर १०० ची होते आणि थकलेला कंडेन्सर ती गिळू शकत नाही. पण म्हणून सगळेच बदलायचे? मी नाही बदलणार. जुन्या बोर्डाचे ट्रॅक सोल्डरिंगच्या उष्णतेने उखडतात, आणि एक कंडेन्सर उलटा बसला की नवंच दुखणं. सेट वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असेल, तर गोष्ट वेगळी. तोसुद्धा पहिल्यांदा साध्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डवरच (सेटची वीज बल्बमधून जाते असा बोर्ड) लावा, आणि अमेरिकेतला असेल तर मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा.

आमच्या सेटचे दोन कंडेन्सर आणि रिले बदलला. बाकी माल अजून मामांच्या वेळचाच.