पहिल्यांदाच स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी : ले जे (फ्रान्स) आणि तिथलं शॅले (सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं डोंगरातलं घर), कसं वाटलं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता मुलं शाळेतून येऊन विचारतात की आपण स्कीइंगला कधी जायचं, आणि आईबापांपैकी कोणीच आयुष्यात स्की पायात घातलेली नसते. आमचंही तेच होतं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले सासूसासरे असे सगळे ले जे ला जाऊन आलो, म्हणून म्हटलं नीट लिहावं.

पहिली गोष्ट म्हणजे किती किलोमीटरचे उतार आहेत तो आकडा बघून रिसॉर्ट ठरवू नका. ले जे ज्या पोर्त द्यु सोलेय भागात येतं तिथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून 12 रिसॉर्ट आणि साधारण 600 किलोमीटरचे उतार आहेत, सगळीकडे हेच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. नवशिक्याला त्याचं काय करायचंय? पहिल्या आठवड्यात आपण एकाच छोट्या उतारावर वरखाली, वरखाली करत असतो, तो उतार चांगला हवा बस. त्यामुळे पूर्ण भागाचा लिफ्ट वापरायचा पास मुळीच काढू नका, फक्त ले जे आणि शेजारच्या मोर्झिन गावाचा पास मिळतो तोही सुरुवातीला जास्तच होतो, आधी शिकवणाऱ्यांना विचारा आणि मग काढा.

ले जे मला इतकं का आवडलं तर शावान मुळे. गावातून गोंडोलात (तारेवरून जाणाऱ्या बंद केबिनच्या लिफ्टमध्ये) बसायचं आणि वर शावानच्या पठारावर उतरायचं, तिथे मोकळी रुंद जागा, सौम्य उतार, उभ्या उभ्या वर नेणारे सरकते पट्टे, रेस्टॉरंट, सगळं एकाच ठिकाणी. आणि दिवसाच्या शेवटी पाय थरथरायला लागले की त्याच गोंडोलातून खाली यायचं, स्की करतच उतरलं पाहिजे अशी सक्ती नाही!! हे फार मोठं सुख आहे. खूप ठिकाणी संध्याकाळी गावात परतायला एकच उतार असतो, दिवसभर सगळ्यांनी घासून त्याचा बर्फ गुळगुळीत कडक झालेला, त्यात गर्दी, आणि नेमकं तेव्हाच नवशिके पडतात आणि मग मुलं दुसऱ्या दिवशी जायलाच तयार नसतात. म्हणून रिसॉर्ट कुठलंही बघा, शिकायची जागा वर आहे की खाली आणि तिथून लिफ्टने परत येता येतं का, एवढं आधी शोधून काढा.

सासूसासऱ्यांसाठीही हेच कामाला आलं. स्की न करणाऱ्यांचं वेगळं तिकीट काढून ते गोंडोलाने वर यायचे, उन्हात गरम चॉकलेट घेऊन बसायचे आणि नातवंडं समोर दिसायची. नाहीतर त्यांनी दिवसभर खोलीत काय केलं असतं? गावही चालण्यासारखं आहे, एक यांत्रिक वाद्यांचं म्युझियम आहे, जुनी आपोआप वाजणारी पियानो-ऑर्गन वगैरे, सासऱ्यांना ते प्रचंड आवडलं.

फ्रान्समध्ये उतारांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग असतात, हिरवा सगळ्यात सोपा. ऑस्ट्रियात निळ्यापासूनच सुरुवात होते. पण हिरवा दिसला की डोळे मिटून जायचं असंही नाही, काही हिरवे म्हणजे डोंगराच्या कडेने जाणारे अरुंद रस्ते असतात, तिथे वळायला जागाच नाही. रुंदी बघा.

शिकवणी घ्याच, यूट्यूबवर बघून होत नाही. लाल जॅकेटवाली ई.एस.एफ. ही फ्रान्सची जुनी स्की शाळा जवळपास प्रत्येक रिसॉर्टला असते, फेब्रुवारीच्या सुट्टीतले इंग्रजी वर्ग भराभर भरतात तेव्हा शॅलेबरोबरच ते बुक करा. मुलांना पहिला धडा 'पिझ्झा', म्हणजे दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, की वेग कमी. माझी धाकटी सरकत्या पट्ट्यावर हात पुढे धरून अगदी ताठ उभी राहायची, वर पोचली की शिक्षिकेकडे बघून मान हलवायची आणि सुटायची. मोठ्यांचं अवघड असतं कारण भीती वाटली की आपण मागे झुकतो आणि मागे झुकलं की स्की ऐकतच नाही. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली पाहिजे, हे वाक्य मी झोपेतही ऐकत होते.

आणि बूट! भाड्याने घेताना दुकानात दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. एकच पातळ लांब मोजा, थर्मल पँटचा काठ बुटाच्या बाहेर, उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीशी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. दोन जाड मोजे घातले की पाय उलट जास्त गार पडतात कारण रक्तच फिरत नाही. दुखले तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घ्या, बदलून देतात.

लंडनच्या आसपास राहत असाल तर हेमेल हेम्पस्टेडला खऱ्या बर्फाचं इनडोअर सेंटर आहे, जायच्या आधी तिथे एखादा धडा घेतला तर पहिला दिवस वाया जात नाही.

आता शॅले. आमचं जेवणासकटचं होतं, म्हणजे सकाळी नाश्ता, दुपारी परत आल्यावर केक आणि चहा, रात्री पूर्ण जेवण. खोल्या उबदार, बूट वाळवायची गरम खोली, होस्ट (शॅले सांभाळून स्वयंपाक करणारे) अतिशय प्रेमळ. पण वेबसाइटवर "लिफ्टपासून पाच मिनिटं" असं होतं आणि ती पाच मिनिटं गाडीने निघाली. खांद्यावर स्की, एका हाताला मूल, पायात ते बूट आणि बर्फाळ चढ, याचा मला खरंच राग आला. नाव नाही घेत, पण तुम्ही नेमका पत्ता मागा, मॅपवर टाका, चढ किती ते बघा, आणि फुकट बस अगदी दारासमोर थांबते का ते लेखी विचारा. लहान मुलं असतील तर हॉट टबवर पैसे घालण्यापेक्षा गोंडोलाच्या जवळचं साधं शॅले घ्या.

तोटाही सांगते, गाव 1,172 मीटरवरच आहे, त्यामुळे मार्चमध्ये दुपारनंतर बर्फ पाणचट होतो. जानेवारी किंवा फेब्रुवारी उत्तम. उशिराच जायचं असेल तर शेजारचं आव्होरियाझ 1,800 मीटरवर आहे, तिथे गाड्याच नाहीत म्हणून मुलांना मोकळं सोडता येतं, पण वारा आणि थंडी जास्त. जिनिव्हा विमानतळावरून ले जे ला साधारण सव्वा तास, शनिवारी बहुतेक शॅलेंमधले पाहुणे बदलतात म्हणून ट्रॅफिक धरून चला.

इन्शुरन्समध्ये विंटर स्पोर्ट्स आहे ना ते नक्की बघा. युरोपात उपचारांसाठी चालणाऱ्या ब्रिटनच्या आरोग्य कार्डवर डोंगरावरून खाली आणायचा खर्च मिळत नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि परत एकदा आठवण करा. तिकडचं जेवण म्हणजे चीज आणि बटाटा, आपल्याला वाटतं की चला सोपं आहे, पण तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात बेकनचे तुकडे असतात, फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन असते, आणि रब्लोशाँसारखी पारंपरिक चीज बनवताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. सासूबाईंना हे चालणार नव्हतं, तर होस्टने त्यांच्यासाठी रोज वेगळी भाजी, सूप आणि भात केला, कुरकुर न करता. आठवड्यातून एक रात्र होस्टची सुट्टी असते आणि त्या दिवशी गावातली अर्धी शॅले बाहेर जेवायला निघतात, त्यामुळे ती रात्र कुठली ते आधीच विचारून रेस्टॉरंटचं टेबल घरूनच बुक करा.