रोपांच्या बोगद्याला कमानी कशाच्या: बांबू की जुने पीव्हीसी पाइप?

पॉलिहाऊसवरून उतरवलेला २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद हाती आला, की परसातल्या मिरची-टोमॅटोच्या रोपांसाठी बोगदा, म्हणजे कमानींवर हा कागद ताणून केलेले आच्छादन, उभारताना खरा प्रश्न उरतो तो कमानींचा.

जुन्या नळजोडणीतले पाऊण इंची पीव्हीसी पाइप एकसारखे वाकतात आणि जमिनीत कुजत नाहीत. मात्र उन्हाने ते ठिसूळ होतात, शिवाय तापलेल्या पीव्हीसीला टेकलेला कागद नेमका त्याच रेषेवर लवकर विरतो, म्हणून पाइपावर पांढरा रंग किंवा कापडाची पट्टी हवीच.

बांबूच्या कामट्यांना ही अडचण नाही, पण त्यांची पेरे कोयत्याने तासून गुळगुळीत करावी लागतात. माझ्या पहिल्या बोगद्यात न तासलेल्या एकाच पेराने कागदाला बोटभर चीर पाडली आणि वळवाच्या वाऱ्यात ती पार टोकापर्यंत फाटत गेली. मातीत जाणारी टोके डांबरात बुडवली नाहीत, तर ओलाव्याने ती लवकर कुजतात.

एवढी मेहनत धरूनही मी बांबूच निवडतो, कारण मोडलेली एखादी कामटी बाकीचा बोगदा न उसकटता तासाभरात बदलता येते.