दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की डिग्री?

निकाल लागला की आमच्याकडे दोन पक्ष पडतात. "डिग्री नसेल तर मुलगी कोण देणार?" हा आत्याचा सवाल, आणि "डिग्रीवाले घरीच बसलेत ना?" हा काकांचा. नोकरीची जाहिरात मात्र दोघांनीही वाचलेली नसते.

मशीनचं काम आवडत असेल तर डिग्रीची घाई नको, असं माझं स्पष्ट मत. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपात फिटर घेताना मार्कशीट नंतर बघतात, आधी हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, देतात. त्यावर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचता येतं, पण दोन पट्ट्यांवरची कुठली रेघ जुळली हे तिरकं बघणाऱ्याचं माप हमखास चुकतं. ही नजर सरावानेच बसते, आणि आयटीआयच्या दोन वर्षांत तोच सराव होतो. अडचण पुढे येते. सुपरवायझर व्हायची वेळ आली की डिप्लोमावाल्याला पुढे काढतात.

आता हिशोब बघा. अकरावी-बारावी करून इंजिनीअरिंगला गेलात तर दहावीनंतर सहा वर्षं. डिप्लोमाची तीन वर्षं करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तरी सहाच. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि तिथून डिग्रीला गेलात तर सात. एकाच वर्षाचा फरक, आणि मधे कुठेही थांबलात तरी हातात नोकरीपुरता कागद असतोच. बारावीनंतर थांबलेल्याकडे तो नसतो. डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चं राहतं आणि डिग्रीला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, घाम फोडतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

सरकारी नोकरीत वाद घालायला जागाच नाही. पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते, राज्यसेवेला पदवी लागतेच. पण ती कुठल्याही शाखेची चालते, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही. म्हणून नुसत्या एमपीएससीसाठी पुण्यात खोली घेऊन महागड्या कॉलेजात बीए करणं मला पटत नाही.

वकिली, डॉक्टरकी डिग्रीशिवाय नाहीच. सॉफ्टवेअरमध्ये कोड येणाऱ्याला डिग्रीविना काम मिळू शकतं, पण कॅम्पसमधून भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या दारात तो उभाच राहू शकत नाही.

राहिलं मेडिकलचं दुकान. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, आणि तेवढ्यासाठी दोन वर्षांचा डी. फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, पुरतो. चार वर्षांचा बी. फार्म, म्हणजे फार्मसीची डिग्री, औषध कंपनीत जायचं असेल तर करा, काउंटरवर बसण्यासाठी नको. नंतर वाटलंच तर डी. फार्मवरून बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फक्त दोन्हींना बारावी सायन्स लागते, तेव्हा हे दहावीच्या सुट्टीतच ठरवा.