आठ महिन्यांनी ओट्यावर उरलेला ड्रिपर

आठ महिन्यांत घरात तीन पोर-ओव्हर ड्रिपर जमले, म्हणजे गाळणकागदात कॉफीची पूड घालून वरून हाताने गरम पाणी ओतायची भांडी. पहिला शंकूच्या आकाराचा, प्लास्टिकचा. दुसरा सपाट बुडाचा, स्टीलचा. तिसरा काचेचा, डमरूसारखा. हा तिसरा तिघांत देखणा, आणि सध्या वरच्या फळीवर तोच आहे.

आधी एक कबुली. पहिल्या तीन महिन्यांत वहीत ज्या नोंदी केल्या, त्यांना काडीची किंमत नाही. तेव्हा मी पात्याच्या ग्राइंडरमध्ये बिया दळत होतो. त्यातून निम्मी पूड धुळीसारखी निघते आणि निम्मी खड्यांसारखी. धुळीतून कडवटपणा उतरतो, खड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. मी मात्र ड्रिपरच्या नावाने खडे फोडत होतो. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा, घेतला, दळण एकसारखं यायला लागलं, तेव्हा कुठे तिन्ही ड्रिपरांतला फरक जिभेला कळला. पात्याचा ग्राइंडर वापरत असाल तर पुढचं वाचायची घाई नाही, आधी तो बदला.

माप रोज तेच ठेवलं: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. आधी ४५ ग्रॅम पाणी टाकून ४० सेकंद थांबायचं. ताज्या भाजणीची पूड ह्या वेळात फुगते, वर बुडबुडे येतात, अडकलेला वायू बाहेर पडतो. पूड निपचित पडून राहिली तर समजावं की बिया जुन्या झाल्या.

शंकूच्या ड्रिपरला खाली एकच मोठं भोक असतं. हारिओ ह्या कंपनीच्या ‘व्ही सिक्स्टी’ ड्रिपरच्या नावातले साठ म्हणजे ह्याच शंकूचा ६० अंशांचा कोन. एवढं मोठं भोक पाण्याला अडवत नाही. त्यामुळे पाणी किती वेगाने उतरायचं हे दळण आणि तुमचा हात ठरवतात, आणि माझा हात सकाळी साडेसहाला भरवशाचा नसतो. किटलीची धार एका बाजूला जरा जास्त वेळ रेंगाळली की पुडीत खड्डा पडतो, पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीची पूड नुसती भिजून राहते. कप संपल्यावर कागदात डोकावायची सवय मला इथेच लागली. भिंतीला चिकटलेला जाड थर आणि मध्ये विहीर दिसली, की आज कॉफी पुळचट का लागली ते कळायचं.

पण हात जमला त्या दिवशी शंकूसारखी कॉफी दुसरी नाही. हलक्या भाजणीच्या बियांतला फळांसारखा वास त्यात सुटा सुटा कळतो. आणि ड्रिपर प्लास्टिकचा म्हणून नाक मुरडू नका. चिनीमातीचा दिसतो छान, पण तो आधी गरम पाण्याने नीट तापवून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्या पाण्याची उष्णता तोच पिऊन टाकतो. प्लास्टिकला ही भूक फार कमी.

सपाट बुडाच्या ड्रिपरला माझ्याकडे तीन बारीक भोकं आहेत. कागद लहरींचा, त्यामुळे तो भिंतीला पूर्ण टेकत नाही. पुडीचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा बसतो आणि भोकं लहान असल्याने वेगाची थोडी जबाबदारी ड्रिपर स्वतः घेतो. धार वेडीवाकडी गेली तरी कप पिण्याजोगा निघतो. चव शंकूइतकी धारदार नाही, जरा गोलसर, गोडीकडे झुकणारी. पहिल्या आठवड्यात मात्र ह्याने छळलं. कागद ओला होऊन बुडाला चिकटायचा, भोकं बुजायची आणि साडेपाच मिनिटांनंतरही वर पाण्याचं डबकं तसंच. दळण दोन खाचा भरड केलं, कागद धुताना पाणी कडेच्या लहरींवर न मारता मध्यावर हळू सोडलं, तेव्हा वेळ साडेतीन मिनिटांवर आली. हे कागद उघडे ठेवले की दबतात आणि लहरी मोडतात, म्हणून मी ते एका डब्यात उभे रचतो.

कागदाचा विषय निघालाच आहे तर: ही सगळी करामत सुरू झाली ती १९०८ मध्ये, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ ह्या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घातला तेव्हा. गाळ नको, एवढीच तिची मागणी होती. कागद गाळाबरोबर तेलही धरून ठेवतो. त्या तेलात कोलेस्टेरॉल वाढवणारं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं. धातूची जाळी ते तेल कपात जाऊ देते. जाळी मी दोनदा वापरली, तळाशी चिखल पाहिला आणि ठेवून दिली.

राहिला काचेचा. ह्या घाटाचं मूळ भांडं केमेक्स, १९४१ मध्ये पीटर श्लुम्बोम ह्या रसायनशास्त्रज्ञाने काढलेलं. प्रयोगशाळेतल्या चंबूशी त्याचं नातं लगेच दिसतं. माझा त्याच धाटणीचा, दुसऱ्या कुणाचातरी. कागद जाड, त्यामुळे कॉफी इतकी स्वच्छ उतरते की कपाचा तळ दिसावा. पण एका माणसाच्या एका कपाला तो फार मोठा पडतो. काच तापेपर्यंत कॉफी कोमट, आणि कमरेतून ब्रश खाली घालून घासायचं म्हणजे रोजची कसरत.

आता आठवडाभर सपाट बुडाचा आणि सुट्टीला शंकू. पहिलाच ड्रिपर घेत असाल तर मी सपाट बुडाचा सुचवेन, सोबत वजनकाटा हवाच. बारीक धारेची किटली नंतर घेतली तरी चालेल. शंकूसाठी मात्र ती आधी लागते.

चौघं एकदम जमले की काचेचा खाली उतरतो. ४० ग्रॅम पूड, भरड दळलेली, आणि सगळ्यांची नजर त्या फुगणाऱ्या पुडीवर. घासायची पाळी मात्र माझीच.