सेप्टिक टँक उपसायला एक गाडी येते, बिल तीन खेपांचं होतं

वाघोली, नऱ्हे ही 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेली गावं. ड्रेनेज लाइन नसलेल्या घरांचा सगळा भार तिथे सेप्टिक टँकवर, आणि फसवणूकही तिथेच. फोनवर भाव 'खेपेला इतके' असा ठरतो. पाइप टाकीत पडला की वासामुळे मालक घरात जातो. बाहेर येतो तेव्हा हिशोब तीन खेपांचा झालेला असतो.

आतून 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि पाणी 1.2 मीटर, अशी टाकी 2,400 लिटरची. एवढ्यात 4,000 लिटरची गाडी एकदाही भरत नाही! दुसरी खेप निघते ती बहुधा आधीच्या घराचा मैला घेऊन अर्धी भरून आलेल्या गाडीमुळे. पाइप सोडण्याआधी टँकरची लेव्हल बघा, फोटो काढा. पावसाळ्यात मात्र शोषखड्ड्यातलं पाणी उलटं टाकीत येतं, तेव्हा जास्तीची खेप खरीही असू शकते.

याहून महागात पडणारी लबाडी म्हणजे नुसतं पाणी ओढून नेणं. गाळ जड, पाइप तुंबवतो, बांबूने ढवळावा लागतो; त्यात वेळ जातो. म्हणून फक्त आउटलेटकडचं, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूचं झाकण उघडतात. गाळ सगळ्यात जास्त साचतो इनलेटच्या, म्हणजे मैला आत येतो त्या कप्प्यात. दोन्ही झाकणं उघडायला लावा.

मग आठवड्याने तोच माणूस झाकण उचलून दाखवतो: "टाकी परत भरली, भिंत फुटलीय." रोज 500 लिटर पाणी जाणाऱ्या घरात ही टाकी पाच दिवसांत भरणारच. आउटलेटपर्यंत भरलेली असणं हीच तिची नेहमीची अवस्था. भिंत फुटली तर पातळी आउटलेटच्या खाली उतरते. सोबत विकली जाणारी जिवाणूंची पावडरही नको, मैल्यात जिवाणू मुबलक असतात.

मोजायचा असतो गाळ. लांब काठीच्या खालच्या दीड मीटरला जुना पांढरा टॉवेल गुंडाळा, तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटांनी हळू वर घ्या. काळा पट्टा पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांश झाला असेल तरच उपसा. काम झाल्यावर पुन्हा काठी टाका. तळाशी चार बोटं गाळ राहिला तर चालेल, वीतभर राहिला तर पैसे थांबवा.

"माणूस उतरवून घासून देतो, वरचे द्या," असं कुणी म्हणालं तर तिथेच काम बंद करा. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने उतरवणाराच नाही, काम देणाराही गुन्हेगार ठरतो.