एका लॉटचे दहा हजार छर्रे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरात मी माझ्या एअर रायफलसाठी एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या छर्र्यांचे, वीस डबे घेतले. डब्यात पाचशे, म्हणजे दहा हजार छर्रे. आज ऑगस्टमध्ये चार डबे शिल्लक आहेत. हा लॉट निवडायला पाच आठवडे घालवले होते. ते का घालवले, त्यातून काय हाती आलं आणि काय आलं नाही, हे सविस्तर लिहिते, कारण नाशिकमध्ये रायफल हातात घेणारी मुलंमुली खूप आहेत आणि बहुतेकजण अजून डब्यावरचं नाव बघूनच छर्रे घेतात.

मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. गेल्या मोसमात मधेच डबे संपले, तेव्हा तेच नाव, तोच रंग, तेच वजन असलेले नवे मागवले. दुसऱ्या दिवसापासून घड्याळातल्या आठाच्या बाजूला, म्हणजे खाली डावीकडे, अधूनमधून एखादा ९.७, ९.८ गुणांचा जायला लागला. मी खांदा तपासला, गालाची पट्टी हलवली, श्वासाची लय बदलली. दीड महिना गेला. शेवटी प्रशिक्षक सरांनी विचारलं, "ताई, हा नऊ-सात तुमच्या हातून गेला की छर्र्यानं गेला, हे आज सांगता येईल तुम्हाला?" नाही सांगता आलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

नेमबाजीत नसलेल्यांसाठी थोडं. दहा मीटरच्या रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला टेकली की १०.०. म्हणजे छर्र्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरवर. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो, १०.९ पर्यंत. साठ शॉट, कमाल ६५४. एवढ्या बारीक मापात छर्र्याने स्वतःहून अर्धा मिलिमीटर खाल्ला, तर तो कुठून गेला हे कळणं अवघडच.

परदेशात मोठ्या रायफलवाले काडतुसं स्वतः भरतात. दारू ग्रेन या बारीक वजनाच्या दशांशात मोजतात, गोळी किती खोल बसवायची ते बदलतात आणि आपल्या नळीला काय मानवतं ते शोधतात. आपल्याकडे दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याच्या परवान्यात येतं, ते हौसेनं घरी करण्याचं काम नाही. पॉइंट टू टूच्या रिमफायर काडतुसाला (पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो) तर पुन्हा भरताच येत नाही. नाशिकमध्येच घडलेला स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला, तो ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), याच काडतुसावर. त्या प्रकारात कारखान्यातून आलेल्या लॉटांतून आपल्या नळीचा लॉट शोधणं एवढंच हातात असतं. एअर रायफलचंही तसंच. छर्र्यात आपण काही बदलू शकत नाही, निवडू मात्र शकतो.

पुण्याच्या एका विक्रेत्याकडून आठ लॉटांचा एकेक डबा मागवला. चार ४.५० डोक्याचे, तीन ४.४९ चे, एक ४.५१ चा. एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी या तिन्ही कंपन्यांचे होते, पण कुठला लॉट कोणाचा ते इथे मुद्दाम लिहीत नाही. माझ्या नळीला जे चाललं ते तुमच्या नळीला चालेलच असं नाही, आणि नाव वाचून कोणी डबे घेऊ नयेत यासाठी तर हे लिहिते आहे. आम्ही त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ म्हटलं.

माझा हात बाजूला ठेवून फक्त छर्रा तपासायचा, तर रायफल पकडून ठेवणारा व्हाईस, म्हणजे शिकंजा, हवा होता. अंबड एमआयडीसीत मशीनवर आयुष्य काढलेले काका आमच्या शेजारी राहतात. त्यांनी चॅनलच्या लोखंडातून शिकंजा करून दिला. रायफलचा दस्ता उतरवायचा, मधला भाग चामड्याच्या पट्टीसकट व्ही-ब्लॉकमध्ये घट्ट बसवायचा, नळी मोकळी ठेवायची. पहिल्या संध्याकाळी दीडशे छर्रे मारले आणि सगळे वाया गेले. टेबल फरशीवर केसभर सरकत होतं. काकांनी कार्डं पाहिली आणि म्हणाले, "हे सगळे तिरके एकाच बाजूला गेलेत बघ, छर्रा असा ठरवून जात नाही." मग रेंजच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून शिकंजा बसवला. तेव्हापासून तो हलला नाही.

पहिली फेरी : प्रत्येक लॉटचे आधी पंधरा छर्रे वाया घालवायचे, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नव्या छर्र्याचा बसायला वेळ लागतो. मग पाच शॉट एका कार्डावर. व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) भोकाची बाहेरची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. सगळे छर्रे एकाच भोकातून गेले तर माप साडेचार. ख आला ५.२ वर, सगळ्यांत चांगला. च ५.४ वर, चौथा. तळाचा झ ६.६.

मी खच्या वीस डब्यांचा फोन करायच्या बेतात होते. सरांनी थांबवलं आणि म्हणाले, पहिल्या चारांचे पन्नास-पन्नास मारा. मला कंटाळा आला होता, खरं सांगते. पण मारले. काकांच्या मुलाने चार स्टीलच्या डब्यांत छर्रे काढून दिले, डब्यांवर फक्त ठिपके, कुठला कोण ते त्यालाच माहीत. पन्नास शॉटांनंतर च ५.७ आणि ख ६.४. क्रम उलटा झाला होता.

इथे मी बराच वेळ अडकले, कारण माझा पाच शॉटांवर भाबडा विश्वास होता. सरांनी वहीवर समजावलं. एकाच डब्यातले छर्रे पाचऐवजी दहा मारले तर त्यांच्या पसाऱ्याची रुंदी सरासरीने साधारण पाव पटीने वाढते. छर्रा बिघडत नाही. जास्त शॉटांत एखादा लांबचा सापडण्याची शक्यता वाढते, एवढंच. उलट बाजूने, पाचच मारले तर साधारण लॉटही नशिबाने सुंदर दिसतो. आठ लॉट घेतले की त्यातला एखादा तरी असा नशीबवान निघणारच, आणि आपण नेमका तोच उचलतो. काडतुसं भरणारेही तीन-तीन गोळ्यांची कार्डं बघून दारूचं प्रमाण ठरवतात तेव्हा याच खड्ड्यात पडतात. आता कोणी मला पाच शॉटांचं एकच सुंदर कार्ड दाखवलं की मी बाकीची कार्डं मागते.

वेगही मोजला. माझी रायफल सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, आणि वेगात तीन मीटरचा फरक पडला तर वर-खाली अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त सरकतो. चच्या वेगातला फरक दोन मीटरच्या आत राहिला, झचा पाचपर्यंत गेला. झची कार्डं उभी लांबट का होती ते तेव्हा कळलं.

वजनाचा नाद मात्र सोडा असं मी सांगेन. सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानात मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. तिथे चचे शंभर छर्रे एकेक करून तोलले. ५२७ ते ५३५ मिलिग्रॅम. हलके आणि जड वेगळे केले, दोन्हींची पन्नास-पन्नासची कार्डं मारली. मोजता येईल असा फरक नव्हता. वेगळ्या लॉटांत असेलही, या लॉटात नव्हता. एक अख्खा रविवार त्यात गेला.

आता आठ महिन्यांचा हिशेब. गेल्या मोसमात माझी सरासरी ६१३.८ होती, आता ६१७.४ आहे. हे सगळं छर्र्यांमुळे झालं असं वाटून घेऊ नका. माझा स्वतःचा पसारा आणि छर्र्याचा पसारा एकमेकांत सरळ मिळवले जात नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे ते जोडले जातात, आणि कर्ण निघतो तो कार्डावर दिसतो. माझी बाजू मोठी, छर्र्याची लहान. लहान बाजू आणखी लहान केली तर कर्ण जेमतेम हलतो. मी वहीत मांडून पाहिलं : खऐवजी च वापरल्याने साठ शॉटांत माझ्या पातळीला पाऊण गुणाच्या आसपास फरक पडतो. झऐवजी च घेतला तर तीन-चार गुण. म्हणजे वाईट लॉट टाळणं हा मोठा लाभ, आणि चांगल्यातून सर्वोत्तम शोधणं हा लहान. ६३० च्या पुढे मारणाऱ्यांना हीच पाऊण गुणाची गोष्ट वेगळी वाटेल, कारण त्यांची स्वतःची बाजूही लहान झालेली असते.

बाकीचे गुण सरावाचे आहेत आणि एका गोष्टीचे, जी मला व्हर्निअरने मोजता येत नाही. आता ९.८ गेला की मी छर्र्याकडे बघत नाही. तो माझा होता हे मला ठाऊक असतं. मी खांद्याकडे जाते, चापाकडे जाते. आमच्या गावचे दिवंगत क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सर नेमबाजांना मनाची एकाग्रता योगाच्या वाटेने शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून मी ऐकलं आहे की शॉट गेल्यावर कारण शोधत भटकणारं मन पुढचा शॉट आधीच घालवून बसलेलं असतं. या आठ महिन्यांत माझं भटकणं कमी झालं, ते छर्र्याबद्दलची शंका संपल्यामुळे.

वापरातल्या काही गोष्टी. पहिली, एकाच लॉटमध्येही खराब छर्रे निघतात. शंभरात एखाद्याचा घेर चेपलेला असतो, आणि चौदाव्या डब्यात तर वरच्या थरातले बरेच चेपलेले होते, बहुधा वाहतुकीत. मी प्रत्येक छर्रा बोटावर फिरवून उजेडात बघते आणि मगच भरते. वेळ जातो, पण साठ शॉटांना ७५ मिनिटं असतात, घाई नको.

दुसरी, पाऊस. जूननंतर उघड्या राहिलेल्या एका डब्यातल्या छर्र्यांवर पांढुरकी भुकटी दिसली. शिसं दमट हवेत गंजतं. ते छर्रे फेकले. आता सगळे डबे रबरी कडेच्या स्टीलच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि ही भुकटी शिशाची, म्हणजे विषारी आहे म्हणूनच सांगते : छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, छर्रे पोरांच्या हाती देऊ नका. रेंजवर वडापाव खात खात सराव करणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो.

तिसरी, नळी साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस शॉट पसरतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री फेल्ट (साफसफाईचा लोकरी बोळा) ओढून नळी चकचकीत करायची सवय मला होती. ती सोडली. आता दीडेक हजार शॉटांनंतर, आणि स्पर्धेला निदान चार दिवस असतानाच साफ करते.

पाच महिन्यांनी, मेच्या उकाड्यात, पुन्हा शिकंजा लावून चचे पन्नास मारले. ५.८ आलं. डिसेंबरात पहाटे बोटं बधिर होत होती तेव्हा ५.७ होतं. म्हणजे लॉट टिकला, आणि नळीही.

तोटे आहेत. वीस डब्यांचे पैसे एकदम अडकतात, आणि उद्या नळी बदलली तर उरलेले डबे दुसऱ्या कोणाला द्यावे लागतील. चाचणीलाच आठ डबे गेले, त्यातले बरेच छर्रे आता सरावातल्या नवशिक्यांना दिले आहेत. ज्यांची सरासरी अजून ६०० च्या खाली आहे, त्यांनी पाच आठवडे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तीन लॉट घ्या, वीस-वीस शॉट मारा, सगळ्यांत वाईट असेल तो बाजूला ठेवा आणि सरावाला लागा. ज्यांची एकेका दशांशासाठी झोप उडते, त्यांनी मात्र पन्नासाच्या खाली थांबू नये.

उरलेल्या चार डब्यांपैकी दोन राज्य स्पर्धेसाठी बंद ठेवले आहेत. नव्या लॉटांची चाचणी ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. शिकंजा ओट्यावर तसाच बोल्टलेला आहे आणि काकांची हरकत नाही. नाशिकमधल्या कोणाला वापरायचा असेल तर रविवारी सकाळी रेंजवर या, प्रत्येक लॉटचे सत्तर छर्रे, कोरी कार्डं आणि स्वतःचा व्हर्निअर घेऊन.