सदोष फ्रिज आणि विक्रेत्याची जबाबदारी : नाशिकमधील एका दालनाचा अनुभव

कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, महात्मा गांधी रोड या भागांत घरगुती विद्युत उपकरणांची इतकी दुकाने आहेत की खरेदीच्या दिवशी नाशिकच्या ग्राहकाची कुठेच अडचण होत नाही. भाव जवळपास सारखे असतात, हप्त्यांची सोय सगळीकडे असते आणि घरपोच माल आता सगळेच देतात. म्हणून दुकान कसे आहे हे विक्रीच्या वेळच्या वागणुकीवरून कळत नाही. घेतलेली वस्तू सदोष निघाल्यावर ते काय करते, त्यावरून कळते. यंदाच्या उन्हाळ्यात शहरातील एका मोठ्या दालनातून घेतलेल्या फ्रिजच्या निमित्ताने मला हे जवळून पाहता आले. दालनाचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण अखेर मिटले आहे आणि जे सांगायचे आहे ते एकट्या त्या दालनापुरते नाही.

खरेदीबद्दल तक्रारीला जागा नाही. विक्रेत्या मुलाने डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचे तीन-चार प्रकार दाखवले, ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन म्हणजे काय ते नीट सांगितले आणि आमच्या पाच माणसांच्या घराला गरज नसलेला मोठा फ्रिज गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही. वाढीव वॉरंटीचा आग्रह मात्र झाला आणि ती आम्ही घेतली. फ्रिज ठरलेल्या दिवशी इंदिरानगरच्या घरी पोहोचला. लिफ्टमध्ये खोका मावत नव्हता, तरी दालनाच्या माणसांनी तो जिन्यावरून उभाच वर आणला, आडवा होऊ दिला नाही. या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

बिघाड पहिल्या महिन्याच्या आतच दिसू लागला, आणि तो फसवा होता. वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ व्यवस्थित होत होता, आतला दिवा लागत होता, कॉम्प्रेसरचा आवाजही नेहमीसारखा होता. खालच्या कप्प्यात मात्र रात्री गरम करून ठेवलेले दूध सकाळी नासलेले निघत होते आणि कोथिंबीर दुसऱ्या दिवशीच काळी पडत होती. मे महिन्यातल्या उकाड्यात कुणालाही वाटावे की दार फार वेळा उघडले जात असेल. मी एका पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवला आणि तो पेला मधल्या फळीवर रात्रभर राहू दिला. दार उघडले की आतली हवा लगेच तापते, पण पाण्याचे तापमान तसे पटकन बदलत नाही, म्हणून ही मोजणी अधिक भरवशाची असते. सकाळी पारा १४ अंशांवर होता. खालच्या कप्प्यात तो साधारण ३ ते ५ अंशांच्या आसपास असायला हवा.

आमच्या घरी हा प्रश्न केवळ दूध-भाजीचा नव्हता. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि न उघडलेल्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने इन्सुलिनचा गुण कमी झाला तर ते नुसते पाहून ओळखता येतेच असे नाही. रक्तातली साखर वाढल्यावर ते लक्षात येते. कुप्या त्याच दिवशी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवाव्या लागल्या, आणि पुढचे सगळे दिवस सासूबाई इंजेक्शनच्या वेळेच्या आधी शेजारच्या दाराशी संकोचून उभ्या राहत. दालनातल्या मंडळींशी बोलताना मी हे दरवेळी सांगत होते. ते ऐकून घेणारा माणूस फार उशिरा भेटला.

कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर टेक्निशियन वेळेवर आला. त्याने फ्रीजरमधले मागचे आवरण काढले, तेव्हा आतल्या कॉइलवर बर्फाची जाड लादी जमलेली होती. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी ही कॉइल बहुधा एकच असते. तिच्याजवळचा पंखा थंड हवा फ्रीजरमध्ये फिरवतो आणि त्यातलीच काही हवा मार्गिकेतून खालच्या कप्प्यात पाठवतो. कॉइलवर दव गोठणारच, म्हणून ठरावीक काळाने एक छोटा हीटर सुरू होऊन ते वितळवतो आणि ते पाणी मागच्या बाजूने कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरून वाळते. हा हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा सेन्सर निकामी झाला की बर्फ साचत जातो, हवेची वाट बुजते आणि सर्वांत आधी खालचा कप्पा गरम पडतो. फ्रीजर बराच काळ ठीक दिसतो, आणि म्हणूनच ‘कूलिंग तर होतंय’ हे उत्तर देणे सोपे जाते.

त्या मुलाने गरम पाण्याने बर्फ वितळवला, आवरण बसवले आणि म्हणाला, “काकू, गॅस ओके आहे, कॉम्प्रेसर ओके आहे. आता बघा, मस्त चालेल.” तो खोटे बोलत नव्हता, कारण बर्फ काढल्यावर असा फ्रिज काही दिवस खरोखरच चालतो. पण दोष बर्फात नसतो, बर्फ न वितळण्यात असतो, आणि तो तसाच राहिला होता. मग त्याने माझ्या मोबाइलवर आलेला कोड मागितला. बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत हा कोड सांगितला की तक्रारीचे निवारण झाले अशी नोंद होते आणि ती तक्रार बंद होते. मी त्याला म्हटले, “फ्रिज आठवडाभर नीट चालला की कोड सांगेन, आणि आज काय सापडलं ते जॉब शीटवर लिहून द्या.” तो जरा अवघडला, कारण त्याच्या हातातल्या कामाचा हिशोब त्या कोडवरच चालतो; त्या मुलाचा यात काही दोष नाही. तरीही ‘कॉइलवर बर्फ आढळला, हाताने काढला’ एवढे त्याने लिहिले आणि सही केली. पुढे सगळे प्रकरण त्या एका ओळीवर उभे राहिले. कोणताही बिघाड असो, वस्तू नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत तो कोड कुणालाही सांगू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोड दिल्यावर आलेली पुढची तक्रार नवी धरली जाते आणि आधीचा बिघाड कागदावर दुरुस्त झालेला दिसतो.

फ्रिज अपेक्षेप्रमाणे पुन्हा तसाच वागू लागला. दुसऱ्या भेटीत सेन्सर बदलण्यात आला, तरी बर्फ साचणे थांबले नाही. तेव्हा मी बिल आणि दोन्ही जॉब शीट घेऊन दालनात गेले.

विक्रीच्या मजल्यावर पंखे, दिवे आणि हसतमुख मुले असतात; सेवा-काउंटर तळघरात, जिन्याखाली आहे. तिथल्या मुलीने बिलाकडे नजर टाकून सांगितले, “मॅडम, माल आमच्याकडून गेला की पुढचं सगळं कंपनी बघते. आमच्या हातात काही नसतं.” हे वाक्य तिला शिकवलेले असावे, कारण माझ्या आधीच्या गृहस्थांना आणि नंतरच्या ताईंनाही तिने तेच, त्याच शब्दांत सांगितले. बहुतेक लोक हे ऐकून परत जातात. त्यांना ते खरे वाटते.

ते खरे नाही. पैसे दालनाने घेतले, बिल दालनाने दिले, म्हणजे विक्रीचा करार ग्राहक आणि दालन यांच्यात झाला. विक्रेत्याने दिलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट मालविक्री अधिनियम, १९३० मध्येच गृहीत धरलेली आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, ज्यातील बहुतांश तरतुदी जुलै २०२० पासून लागू झाल्या, त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्या यादीतील एक प्रथा आहे. कंपनीची वॉरंटी ही ग्राहकाला मिळालेली जादा सोय आहे. तिच्यामुळे विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. सेवा-काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला एवढे माहीत असायला हवे, आणि ते शिकवणे हे दालनाच्या मालकांचे काम आहे.

काउंटरवर वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून मी तिथेच बसून साध्या मराठीत एक अर्ज लिहिला. त्यात बिल क्रमांक, फ्रिजचा सिरियल क्रमांक, पहिल्या तक्रारीची तारीख, दोन्ही जॉब शीटमधील नोंदी, घरात इन्सुलिन ठेवावे लागते ही अडचण आणि ‘दुरुस्ती नको, बदली फ्रिज द्यावा, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी’ ही स्पष्ट मागणी होती. पहिली तक्रार तीस दिवसांच्या आत नोंदवली आहे, हे मी ठळकपणे लिहिले. दुसऱ्या प्रतीवर दालनाचा शिक्का आणि तारखेसह पोच मागितली. काउंटरवरची मुलगी पोच देण्यास कचरत होती; तिला तसा अधिकार नसल्याचे तिने सांगितले. त्याच कारणाने तिने व्यवस्थापकांना खाली बोलावले, आणि तिथून प्रकरणाला वळण लागले.

व्यवस्थापक मध्यमवयीन आणि शांत होते. त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचायला घेतला, इन्सुलिनच्या ओळीपाशी थांबले आणि मला खुर्ची देऊन विचारले, “आई आत्ता औषध कुठे ठेवतात?” इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. त्यांनी माझ्यासमोर कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याला फोन लावला आणि ‘आमचा ग्राहक आहे’ असे म्हणाले. त्या संभाषणातून मला कळले की बदली फ्रिजची मंजुरी कंपनीकडून येते हे खरे असले, तरी विक्रेत्याने जोर लावला की तीच मंजुरी लवकर येते. महिन्याला इतका माल उचलणाऱ्या दालनाचा फोन कंपनी टाळत नाही. म्हणजे ‘आमच्या हातात काही नसतं’ हे व्यवहारातही चूक होते.

मंजुरी येण्याआधी कंपनीकडून आणखी एकदा दुरुस्तीचा प्रस्ताव आला. तो मी लेखी नाकारला. प्रकरण न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे मार्ग माझ्यासमोर होते. ज्यांना ही वाट धरावी लागेल त्यांच्यासाठी सांगते : ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. बदली, परतावा किंवा नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो आदेश आयोग देऊ शकतो. मला तिथवर जावे लागले नाही.

बदली फ्रिज घरी आला तेव्हा एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. फ्रिजच्या आतल्या लेबलवरचा सिरियल क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर पुढच्या वेळी वॉरंटीच नाकारली जाऊ शकते. पोहोचवायला आलेल्या मुलांकडे फक्त जुन्या फ्रिजच्या परतीची पावती होती. मी ती सही न करता व्यवस्थापकांना फोन केला आणि त्यांनी नव्या सिरियल क्रमांकाचे दुरुस्त बिल लगेच मोबाइलवर पाठवले; शिक्क्याची प्रत नंतर मिळाली. वाढीव वॉरंटी मात्र वेगळ्या कंपनीची होती आणि ती जुन्या क्रमांकावरच राहिली होती. ती नव्या फ्रिजवर वळती करून घेण्यासाठी दालनाकडे पुन्हा पाठपुरावा करावा लागला. विकताना ज्या वॉरंटीचा एवढा आग्रह झाला, तिची नोंद बदलणे हे दालनाने स्वतःहून करायला हवे होते.

नवा फ्रिज उत्तम चालतो आहे. खालच्या फळीवरच्या पेल्यातला पारा चार अंशांवर असतो आणि इन्सुलिन घरी परत आले आहे. या दालनाची विक्री आणि घरपोच सेवा यांना मी निःशंकपणे चांगले म्हणेन, व्यवस्थापकांना त्याहून चांगले म्हणेन, पण सेवा-काउंटरला नापास करावे लागेल. व्यवस्थापकांपर्यंत पोहोचायला ज्या ग्राहकाला अर्ज लिहिता येत नाही, किंवा कामावरची रजा टाकून तळघरात थांबता येत नाही, त्याला हे दालन आज न्याय देऊ शकत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर काम करून हप्त्याने फ्रिज घेणाऱ्या कुटुंबाचा फ्रिज बिघडला, तरी हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. तिथे गरज आहे ती दोन गोष्टींची : प्रत्येक तक्रारीची शिक्क्यासह पोच, आणि कंपनीला फोन लावण्याचा अधिकार असलेला एक माणूस काउंटरवरच.

आणखी एक बाब उरली आहे. दुरुस्त बिलाच्या मागच्या बाजूलाही ‘एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही’ असे छापलेले आहे. सदोष मालाच्या बाबतीत या ओळीला कायद्यापुढे काही किंमत नाही, पण ती वाचून किती ग्राहक दालनात पाऊलही टाकत नसतील. ती ओळ काढून त्या जागी सदोष माल बदलण्याची मुदत आणि जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक छापावा, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापकांकडे दिली आहे आणि या वेळी पोच न मागता मिळाली.